औषध किती सुटलं ते मोजा, मग छापा

प्रति,
नॅनोमेडिसिनची जर्नल्स चालवणारे संपादक आणि त्यांच्यासाठी पेपर तपासणारी रिव्ह्यूअर मंडळी,

नमस्कार.

थेट मुद्द्यावर येतो. कॅन्सरचं औषध पॉलिमरच्या नॅनो कणात भरून ते हळूहळू, हव्या त्या जागी सोडणाऱ्या कॅरियरवरचे पेपर तुमच्याकडे ढिगाने येतात, त्यातले बरेच छापूनही येतात, आणि मी ते वाचणाऱ्यांपैकी एक आहे. फॉर्म्युलेशनमध्ये काम करतो, म्हणजे पेपरातलं कौतुक संपलं की पुढे याचं खरंच इंजेक्शन होईल का हे बघायचं काम आमच्यासारख्यांच्या टेबलावर येतं. माझी मागणी एकच आहे. कणाच्या आत अडकलेलं औषध आणि कणातून बाहेर सुटलेलं औषध, हे दोन्ही रक्तात आणि गाठीत वेगवेगळं मोजून दाखवल्याशिवाय "कंट्रोल्ड रिलीज"चा दावा असलेला पेपर छापू नका. बस एवढंच. बाकीचं पत्र हे का मागतोय त्याबद्दल आहे, लांब झालंय, पण वाचा.

साधारण पेपर कसा असतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. पीएलजीए किंवा पेग-पीएलए असं एखादं पॉलिमर घेतलं, त्यात डॉक्सोरुबिसिन नाहीतर पॅक्लिटॅक्सेल असं कॅन्सरचं औषध भरलं, शंभर-दीडशे नॅनोमीटरचे गोल गोल कण निघाले, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा फोटो झकास आला. मग ते कण डायलिसिस बॅगमध्ये, म्हणजे औषध बाहेर जाऊ देणाऱ्या पण कण अडवणाऱ्या पिशवीत भरले, बॅग ३७ डिग्रीच्या फॉस्फेट बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या खारट पाण्यात सोडली, बाहेर किती औषध येतंय ते दोन-तीन दिवस मोजलं आणि एक सुंदर वर चढत जाणारा ग्राफ काढला. त्यानंतर डिशमधल्या पेशी मारल्या, उंदराला गाठ लावली, गाठ लहान झाली, शेवटी लिहिलं की हा कॅरियर क्लिनिकसाठी आशादायक आहे. या सगळ्या साखळीत औषध शरीरात कणातून कधी आणि किती सुटलं हे कोणी बघितलंच नाही. बफरमधला ग्राफ हाच पुरावा धरला जातो आणि सगळी इमारत त्यावर उभी राहते.

आता त्या बफरचं बघा. त्यात प्रोटीन नाही, चरबी नाही, पेशी नाहीत. रक्तात अल्ब्युमिन आहे, लिपोप्रोटीन आहेत, लाल पेशींची एवढी मोठी पडद्यांची जागा आहे, आणि पॅक्लिटॅक्सेलसारखं पाण्याला घाबरणारं औषध कणातून निघून या सगळ्यांना चिकटायला एका पायावर तयार असतं. मायसेल, म्हणजे पॉलिमरच्या साखळ्या पाण्यात एकत्र येऊन बनलेला कण, असेल तर अजून गंमत, कारण मायसेल एका ठराविक कॉन्सन्ट्रेशनच्या खाली विस्कटतंच, आणि आपण ते टोचतो पाचेक लिटर रक्तात, म्हणजे पहिल्या मिनिटातच ते पातळ झालेलं असतं. शिवाय डायलिसिस बॅग स्वतःच वेळ खाते. नुसतं मोकळं औषध बॅगेत घालून बघा, तेही बाहेर यायला तास लावतं. बऱ्याच पेपरांत हा कंट्रोलचा ग्राफ सप्लिमेंटरीमध्ये कुठेतरी कोपऱ्यात असतो आणि तो बघितला की कळतं, जिला आपण कणाची रिलीज समजत होतो त्यातला मोठा भाग बॅगेच्या पडद्याचा आहे. आणि बर्स्ट रिलीज? पहिल्या काही तासांत तीस-चाळीस टक्के औषध बाहेर, मग उरलेलं हळूहळू, आणि खाली लिहिलेलं सस्टेन्ड प्रोफाईल. महिनाभर पुरवायचा पगार पहिल्या दोन दिवसांत अर्धा उडवायचा आणि उरलेले दिवस काटकसर केली म्हणून शाबासकी घ्यायची, त्यातलाच प्रकार.

पीएचबद्दल तर मला खरंच राग येतो. कॅरियर आम्लात फुटतो असं डिझाईन असतं, कल्पना चांगली आहे, काही वाद नाही. पण टेस्ट कुठल्या पीएचला? ७.४ आणि ५.०. आणि लिहायचं काय, तर गाठीच्या आम्ल वातावरणात औषध सुटतं. अहो गाठीतल्या पेशींच्या बाहेरचा पीएच साधारण ६.५ ते ६.९ असतो, पाच नाही. साडेचार-पाच पीएच मिळतो पेशीच्या आत, लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या पचनाच्या पिशवीत, आणि तिथपर्यंत जायला कण आधी रक्तवाहिनीतून बाहेर पडावा लागतो, गाठीच्या दाट जाळीतून सरकावा लागतो, पेशीने गिळावा लागतो. म्हणजे टेस्ट लायसोसोमची आणि दावा गाठीचा. ग्लुटाथायोन, म्हणजे पेशीतला एक रेणू ज्याने फुटणारे कण बनवतात, त्याचंही तसंच. पेशीच्या आत ते २ ते १० मिलिमोलर असतं, बाहेर मायक्रोमोलरमध्ये, म्हणजे हजारपटीच्या आसपास कमी, पण टेस्ट ट्यूबमध्ये सरसकट १० मिलिमोलर घालायचं आणि कण फुटला की टाळ्या. ५.० आणि ७.४ च्या मध्ये ६.८ चा एक बिंदू घ्या एवढं सांगायला रिव्ह्यूअरला दोन मिनिटं लागतात. तुम्ही ते सांगत नाही, मात्र अजून एक सेल लाईन करा, गाठ ओळखायला कणाला फोलेट हे व्हिटॅमिन लावून बघा, हे हमखास सांगता.

उंदरातल्या भागावर येऊ. गाठ काढली, वाटली, ऑरगॅनिक सॉल्व्हंटमध्ये औषध काढलं, एचपीएलसी या मोजणीच्या मशीनवर मोजलं आणि सांगितलं की कणाशिवाय दिलेल्या औषधापेक्षा गाठीत चौपट-पाचपट पोचलं. पण सॉल्व्हंट घातला की कणसुद्धा विरघळतो की हो! म्हणजे हा आकडा एकूण औषधाचा झाला, आत कुलूपबंद असलेलं आणि मोकळं झालेलं दोन्ही धरून. कॅन्सरच्या पेशीला कुलूपबंद औषधाशी काही घेणंदेणं नाही. डीएनएला चिकटतं ते मोकळं औषध, पेशीच्या सांगाड्यातल्या ट्युब्युलिनला धरतं तेही मोकळं औषध.

हे मी हवेत बोलत नाहीये, याची किंमत लोकांनी मोजून झालीये. एसपीआय-७७ नावाचं लायपोसोममधलं, म्हणजे चरबीच्या पडद्याच्या सूक्ष्म पिशवीतलं सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनमचं औषध आठवत असेल. ते पॉलिमर कॅरियर नव्हतं, पेगचं आवरण असलेलं लायपोसोम होतं, पण धडा तोच. रक्तात मस्त टिकायचं, प्राण्यांच्या गाठीत एकूण प्लॅटिनम भरपूर दिसायचं. आणि पेशंटमध्ये ट्यूमरवर परिणाम जवळपास शून्य. नंतर उंदरांत मायक्रोडायलिसिसने, म्हणजे गाठीत बारीक नळी घालून, तिथलं मोकळं प्लॅटिनम मोजलं गेलं तेव्हा कळलं की मोकळं जवळजवळ नाहीच, औषध पोचलं होतं पण सुटत नव्हतं. ही मोजणी ट्रायलच्या आधी झाली असती तर, असा प्रश्न कोणालाही पडेल.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण पक्कं पॉलिमरचं आहे आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. रिंग्सडॉर्फ यांनी १९७५ मध्ये पॉलिमर-औषध जोडीचा आराखडा मांडला, पॉलिमरचा कणा, त्याला लिंकरने, म्हणजे जोडणाऱ्या दुव्याने, लटकवलेलं औषध, हवं तर गाठ ओळखणारा एक गट. त्या धर्तीवर एचपीएमए या पॉलिमरला डॉक्सोरुबिसिन जोडून पीके१ तयार झालं, लिंकर होता चार अमिनो आम्लांचा, जो लायसोसोममधलं कॅथेप्सिन बी एन्झाईमच कापतं, रक्तात तो टिकतो. १९९४ मध्ये ते माणसात गेलं, कॅन्सरवरची माणसात गेलेली पहिली सिंथेटिक पॉलिमर-औषध जोडी. पहिल्या फेजमध्ये सहन होणारा डोस निघाला डॉक्सोरुबिसिनच्या हिशोबाने ३२० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर, जिथे साधं डॉक्सोरुबिसिन ६० ते ७५ ला दिलं जातं. त्याहून मोठी गोष्ट हृदयाची. साध्या डॉक्सोरुबिसिनचा आयुष्यभराचा एकूण डोस ४५०-५५० च्या पुढे नेताना डॉक्टर घाबरतात, हृदय निकामी होण्याचा धोका वाढतो म्हणून, आणि इथे एकूण १६८० पर्यंत जाऊनही हृदयावर तीव्र विषारी परिणाम दिसला नाही. का? कारण रक्तात मोकळं डॉक्सोरुबिसिन फार कमी होतं. लिंकरने आपलं काम केलं होतं.

आता तोच एचपीएमएचा कणा, तीच आयडिया, फक्त औषध कॅम्प्टोथेसिन आणि लिंकरमध्ये एस्टरचा बंध. नाव मॅग-सीपीटी. एस्टर कापायला गाठीतलं खास एन्झाईम लागत नाही, तो कुठेही तुटतो. पेशंटच्या लघवीवाटे कॅम्प्टोथेसिन बाहेर पडताना मूत्राशयाला इजा व्हायला लागली, रक्तस्राव असलेली सिस्टायटिस, आणि डोस वाढवणं थांबवावं लागलं. मग एक फार चांगलं काम झालं ज्याचा उल्लेख तुमच्या जर्नल्समध्ये क्वचितच दिसतो. आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होणार असलेल्या पेशंटना आधी हे औषध देऊन, ऑपरेशनमध्ये निघालेली गाठ आणि शेजारचा निरोगी भाग दोन्हीत पॉलिमरला जोडलेलं आणि मोकळं कॅम्प्टोथेसिन वेगवेगळं मोजलं. २००३ मध्ये छापून आलंय. निष्कर्ष? गाठीत काही खास जास्त नव्हतं, शेजारच्या निरोगी भागासारखंच. वाईट बातमी होती, पण किती स्वच्छ उत्तर. त्या एका मोजणीने जे सांगितलं ते उंदरांचे पन्नास पेपर सांगू शकले नसते. हेच मी मागतोय, माणसात नको, निदान उंदरात तरी करा.

अजून एक, ज्यात कॅरियर जिंकला पण कारण वेगळंच निघालं. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही म्हणून जुन्या इंजेक्शनमध्ये क्रेमोफोर वापरलं जातं, एरंडेल तेलापासून बनवलेलं, आणि त्याची जबरदस्त ॲलर्जी येऊ शकते म्हणून आधी स्टेरॉईड आणि अँटीहिस्टामिन द्यावी लागतात, तीन तास सलाईन लावावी लागते. दक्षिण कोरियात २००७ च्या सुमारास मंजूर झालेलं जेनेक्सॉल-पीएम हे पेग-पीएलएचं मायसेल आहे, त्यात क्रेमोफोर नाही, त्यामुळे डोस बराच वर नेता आला. पण हे मायसेल रक्तात औषध पटकन सोडतं, इतकं की त्याच डोसला रक्तातलं पॅक्लिटॅक्सेल क्रेमोफोरच्या इंजेक्शनपेक्षा कमी भरतं. म्हणजे फायदा झाला तो विषारी सॉल्व्हंट काढल्याचा, हळू सोडण्याचा किंवा गाठीकडे नेण्याचा नाही. २००५ मधलं अब्राक्सेन, अल्ब्युमिनवालं, त्याचंही मोठं श्रेय क्रेमोफोर काढण्यालाच जातं, २६० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर अर्ध्या तासात. मला यात काही कमीपणा वाटत नाही, पेशंटला आधीची स्टेरॉईड चुकली हेच केवढं मोठं. पण मग या दोघांची नावं प्रस्तावनेत घेऊन "टार्गेटेड कंट्रोल्ड रिलीज क्लिनिकमध्ये सिद्ध झालंय" असं लिहिणारे पेपर तुम्ही कसे पास करता? यांनी ते सिद्ध केलेलंच नाही.

टक्केवारीच्या भांडणाबद्दलही बोलायला हवं, कारण प्रत्येक कॉन्फरन्समध्ये तेच चालू असतं. टोरांटोच्या गटाने २०१६ मध्ये दहा वर्षांचे पेपर एकत्र करून दाखवलं की टोचलेल्या नॅनो कणांपैकी, मीडियन धरला तर, फक्त ०.७ टक्के गाठीत पोचतात. खळबळ झाली. मग २०२० मध्ये दुसऱ्या गटाने म्हटलं की हिशोबाची पद्धतच चुकीची, फार्मकोलॉजीत वापरतात तसं काळाबरोबरचं एकूण एक्स्पोजर काढा, चित्र खूप बरं दिसतं. दोघांचं म्हणणं मला आपापल्या जागी पटतं. पण दोन्ही बाजू मुख्यतः पोचलं किती यावरच भांडतायत, पोचलेल्यातून सुटलं किती हा प्रश्न बाजूलाच. सीआरएलएक्स१०१ बघा, सायक्लोडेक्स्ट्रिन आणि पेगचं पॉलिमर, त्याला कॅम्प्टोथेसिन. पोटाच्या कॅन्सरच्या पेशंटमधून घेतलेल्या बायोप्सीत कण गाठीत दिसले, शेजारच्या निरोगी भागात नाही दिसले. केवढा मोठा पुरावा! आणि त्याच वर्षी, २०१६ मध्येच, किडनीच्या कॅन्सरमधली फेज २ ट्रायल अपयशी. कॅन्सर वेगळा होता, सोबत बेव्हासिझुमॅब हे दुसरं औषध होतं, कारणं अनेक असू शकतात. पण पोचलं म्हणजे जिंकलं हा हिशोब तिथे तरी चालला नाही.

आणि माणसामाणसात फरक किती! पेगवाल्या लायपोसोमवर किरणोत्सारी लेबल लावून पेशंटचे स्कॅन केले होते, २००१ मधलं काम आहे, तेव्हा डोक्या-मानेच्या गाठींत स्तनाच्या गाठींपेक्षा कितीतरी पटीने जास्त साचलं होतं. लिंकर कापणाऱ्या एन्झाईमचंही तेच. पॉलिग्लुटामेटला पॅक्लिटॅक्सेल जोडलेलं औषध होतं, त्याच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरमधल्या मोठ्या फेज ३ ट्रायल फेल गेल्या, मग आकडे उलटसुलट करून बघताना वाटलं की बायकांमध्ये बरं दिसतंय, आणि कारण मांडलं गेलं की इस्ट्रोजेनमुळे कॅथेप्सिन बी वाढतं आणि औषध जास्त सुटतं. खरं असेल नसेल. पण हा प्रश्न ट्रायल संपल्यावर सुचणं म्हणजे उलटी गंगा. औषध सोडण्याची किल्लीच जर पेशंटप्रमाणे बदलत असेल तर ती किल्ली आधी मोजायला नको?

मोजता येतं का, हा तुमचा पहिला प्रश्न असणार. येतं. आणि गंमत अशी की औषध मंजूर करणाऱ्यांनी हे केव्हाच सक्तीचं केलंय. अमेरिकेच्या एफडीएने लायपोसोमच्या डॉक्सोरुबिसिनची जेनेरिक करणाऱ्या कंपन्यांना सांगून ठेवलंय की रक्तात मोकळं आणि लायपोसोममधलं डॉक्सोरुबिसिन दोन्ही वेगवेगळं मोजून मूळ औषधाशी जुळवून दाखवा. मूळ औषध १९९५ चं, त्यात रक्तातल्या डॉक्सोरुबिसिनचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग लायपोसोमच्या आतच असतो, म्हणजे नुसतं एकूण जुळवलं तर काहीच कळणार नाही. २०१३ मध्ये पहिलं जेनेरिक या वाटेने मंजूर झालं. म्हणजे कॉपी करणाऱ्या कंपनीला जी परीक्षा द्यावी लागते ती नवीन शोध लावला म्हणणाऱ्या लॅबला माफ. हा उलटा न्याय मला कोणीतरी समजावून सांगा.

पद्धतीबद्दल थोडं सविस्तर लिहितो कारण इथेच लोक अडतात. अल्ट्राफिल्टरमधून प्लाझ्मा गाळला की कण वर राहतात, मोकळं औषध खाली येतं, असं वाटतं. पण सुटलेलं औषध प्रोटीनला चिकटतं आणि प्रोटीनही वरच राहतं, मग सुटलेलं असूनही ते अडकलेल्यात मोजलं जातं. यावर अमेरिकेच्या नॅनोटेक्नॉलॉजी कॅरॅक्टरायझेशन लॅबोरेटरीने, २००४ मध्ये सुरू झालेली, एक फार सुंदर युक्ती काढली. त्याच औषधाचा जड आयसोटोपवाला भाऊ सॅम्पलमध्ये थोडा मिसळायचा. तो कणात नाही, त्यामुळे तो सुटलेल्या औषधासारखाच वागणार, तेवढाच प्रोटीनला चिकटणार, तेवढाच गाळणीतून खाली येणार. मग जड भावाचा किती हिस्सा खाली आला ते मास स्पेक्ट्रोमीटरवर बघितलं की उलट गणित करून खऱ्या सुटलेल्या औषधाचा आकडा निघतो. आत किती, प्रोटीनवर किती, अगदी मोकळं किती, तिन्ही वेगळं. वाचल्यावर वाटतं हे आधी कोणाला कसं सुचलं नाही.

लहान लॅब म्हणतील मास स्पेक्ट्रोमीटर कुठून आणू, लेबलवालं औषध महाग पडतं. मान्य. म्हणून मी सगळ्यांकडून सगळं मागत नाही. दावा जेवढा तेवढाच पुरावा मागा. नवीन पॉलिमर बनवला, कण झाले, एवढंच सांगायचंय तर तसं सांगा, केमिस्ट्रीचा पेपर म्हणून छापा, त्यात वाईट काय आहे? हळू सोडतो असं म्हणायचं असेल तर बफरऐवजी ३७ डिग्रीच्या ताज्या प्लाझ्मात किंवा पूर्ण रक्तात टेस्ट ट्यूबमध्येच करा, कण आणि बाकीचं सेंट्रिफ्यूज करून नाहीतर कॉलममधून वेगळं करा, सोबत मोकळ्या औषधाचा कंट्रोल ठेवा. पद्धत ओबडधोबड आहे, पण बफरमधल्या बॅगेपेक्षा शंभरपट खरं सांगते आणि बहुतेक लॅबमध्ये लागणारं सामान आधीच पडून असतं. आणि प्राण्यात गाठीत कंट्रोल्ड रिलीज झाली असं म्हणायचं असेल तर मग मात्र वेगवेगळं मोजलंच पाहिजे, स्वतः नाही तर ज्यांच्याकडे मशीन आहे त्यांना सोबत घेऊन. को-ऑथर एक वाढेल, वाढू दे.

याच झटक्यात दोन-तीन गोष्टी अजून मागून घ्या, त्यांना तर पैसेही लागत नाहीत. लोडिंगचा, म्हणजे कणाच्या वजनात औषध किती टक्के याचा, आकडा माणसाच्या डोसमध्ये बदलून लिहायला सांगा. डोसेटॅक्सेल या औषधाचा डोस ७५ मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर, पेशंट १.७ चौरस मीटरचा धरा, झाले साधारण १२८ मिलिग्रॅम, आणि लोडिंग पाच टक्के असेल तर अडीच ग्रॅम कण शिरेतून द्यायचे, एक टक्का असेल तर जवळजवळ तेरा ग्रॅम. हा आकडा ॲब्स्ट्रॅक्टमध्ये लिहावा लागला की अर्ध्या डिझाईनची हवा तिथेच निघेल. गाठीचं वजन उंदराच्या वजनाच्या किती टक्के होतं तेही लिहायला लावा, वीस ग्रॅमच्या उंदरात एक ग्रॅमची गाठ म्हणजे सत्तर किलोच्या माणसात साडेतीन किलोची, आणि एवढ्या झपाट्याने वाढलेल्या गाठीच्या गळक्या रक्तवाहिन्या बघून १९८६ मध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी मांडलेला तो ईपीआर इफेक्ट, म्हणजे गळक्या वाहिन्यांतून कण गाठीत साचणं, माणसातही तसाच असेल असं धरून चालू नका. आणि तुलना कशाशी? डीएमएसओ या प्रयोगशाळेतल्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेल्या औषधाशी तुलना करून कोणाला फसवतोय आपण, जे औषध आज पेशंटला प्रत्यक्ष मिळतं त्याच्याशी करा आणि प्रत्येकाच्या सहन होणाऱ्या डोसला करा.

तुम्ही म्हणाल एवढ्या अटी घातल्या तर पेपर यायचे बंद होतील. नाही होणार. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी २०१० मध्ये अराईव्ह गाईडलाईन आल्या, जर्नल्सनी चेकलिस्ट मागायला सुरुवात केली, पेपर काही थांबले नाहीत. नॅनोसाठीही २०१८ मध्ये मिरिबेल नावाची किमान माहितीची यादी आलीच आहे, ती मागणारे संपादक किती ते तुमचं तुम्ही बघा. थोडे कमी पेपर आले तर आले. मला तर उलट वाटतं की फेल गेलेल्यांना जागा होईल, म्हणजे रक्तात सगळं औषध तासाभरात सुटलं, कॅरियरचा काही उपयोग नाही, असा नीट मोजलेला पेपर आला तर तो परत पाठवू नका. मॅग-सीपीटीसारखा तो पुढच्या दहा लॅबची वर्षं वाचवेल.

पॉलिमरवर माझा विश्वास उडालाय असं मात्र समजू नका. प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशंटना पॉलिमरच्या मायक्रोस्फियरमधलं ल्युप्रोलाईड हे टेस्टोस्टेरॉन खाली आणणारं औषध १९८९ पासून मिळतंय, पीएलजीए हळूहळू विरघळतं, लॅक्टिक आणि ग्लायकॉलिक आम्ल होऊन शरीरात जिरतं, एका इंजेक्शनवर महिना निघतो. ते नॅनो नाही, मायक्रो आहे, शिरेत फिरत नाही, एका जागी बसून औषध सोडतं, म्हणून सोपं. पण तिथे रिलीज होतेय की नाही हे पेशंटच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन बघून कोणालाही कळतं, लपायला जागाच नाही. कॅन्सर मारणाऱ्या औषधांत असा सरळ आरसा नसतो, म्हणूनच मुद्दाम मोजावं लागतं.

आणि शेवटी तुमच्या प्रेस रिलीजबद्दल. पेपर छापून आला की "केवळ गाठीवर हल्ला करणारे सूक्ष्म कण" अशी बातमी फिरते आणि ती पेशंटचे नातेवाईक डॉक्टरांना दाखवतात, हे कधी मिळणार विचारतात. त्या घरांत कीमो चालू असते. बातमीतला तो "केवळ" तुम्ही ज्या पेपरवरून घेऊ दिलात त्यात मोकळ्या औषधाचा एकही आकडा नसेल तर ती बातमी जाऊ देऊ नका, एवढं तर तुमच्या हातात आहेच.

तुमच्या लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये घालायला मजकूरही तयार करून देतो, बदल करायचे तर करा: "नियंत्रित किंवा गाठीपुरत्या औषध सुटण्याचा दावा असल्यास कणातील आणि कणाबाहेरील औषधाचे प्रमाण प्लाझ्मात, आणि प्राण्यांवरील प्रयोग असल्यास रक्तात व गाठीत, किमान तीन वेळांना स्वतंत्र मोजून द्यावे, आणि वेगळे करण्याच्या पद्धतीत मोकळ्या औषधाचे काय झाले तेही दाखवावे. मोजलेले नसल्यास शीर्षक व सारांशातून हा दावा काढावा."

पुढच्या अंकापासून लागू करायला अडचण काय आहे ते कळवा, उत्तराची वाट बघतोय.

आपला,
एक फॉर्म्युलेशनवाला